इंजिनिअरिंग आणि तंत्रज्ञानातल्या स्त्रिया: अडचण नेमकी कुठे येते आणि तिथे काय करायचं

लंबक

या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा "मानसिकता बदलली पाहिजे" इथे येऊन थांबते. बदललीच पाहिजे. पण जिला उद्या सकाळी टॉवरवर चढायचंय किंवा अप्रेझलचा फॉर्म भरायचाय, तिला त्या वाक्यातून काय मिळणार? म्हणून या धाग्यात एकच विनंती. अडचण कुठल्या वस्तूत, कुठल्या फॉर्ममध्ये, कुठल्या मीटिंगमध्ये आहे ते सांगा आणि त्यावरचा उपायही सांगा. स्वतःचे अनुभव इथे नकोत.

"मुलींना आवडच नसते" हा मुद्दा सुरुवातीलाच बाजूला ठेवू. १९४६ मध्ये जगासमोर आलेल्या एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग सहा स्त्रियांनी केलं: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. ग्रेस हॉपर यांचा ए-० कंपायलर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणारं सॉफ्टवेअर) १९५२ चा. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेणाऱ्यांत १९८४ च्या सुमारास सुमारे ३७ टक्के मुली होत्या, २०१० च्या आसपास ते प्रमाण १८ टक्क्यांवर आलं. पंचवीस वर्षांत मेंदू बदलत नाही, भोवतालची व्यवस्था बदलते. तेव्हा त्या व्यवस्थेबद्दलच बोलू.

दोरखंड

उंचीवरच्या कामापासून सुरुवात करतो, कारण इथे चूक झाली तर जीव जातो.

फुल बॉडी हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा अंगभर पट्ट्यांचा साज) "फ्री साइज" म्हणून येतो, पण तो सरासरी पुरुषाच्या धडावर बेतलेला असतो. स्त्रीच्या अंगावर तीन ठिकाणी गडबड होते. छातीवरचा आडवा पट्टा स्तनांवरून जातो, टोचतो, म्हणून तो वर गळ्याकडे सरकवला जातो. पडल्यावर तोच पट्टा गळ्याशी येतो. दुसरं, धड आखूड असलं की पाठीवरची डी-रिंग (दोर अडकवायची कडी) दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये न बसता वर मानेपाशी किंवा खाली कमरेकडे जाते. तिसरं, कंबर आणि मांडी यांच्या मापातला फरक जास्त असल्यामुळे मांडीचे पट्टे एक तर सैल राहतात, नाही तर काचतात.

तपासायची पद्धत: सगळे पट्टे आवळल्यावर मांडीच्या पट्ट्याखाली सपाट पंजा जायला हवा, मूठ जाता कामा नये. छातीचा पट्टा छातीच्या मध्यावर, डी-रिंग फऱ्यांच्या मध्ये. मग देखरेखीखाली जमिनीपासून थोडंसंच वर लटकवून बघायचं. पट्टा सरकतो का, मान दबते का, मांडीत रक्त अडल्यासारखं होतं का, हे उभं राहून कधीच कळत नाही. एक्स-एस साइज किंवा समोर पट्टे फुलीसारखे जाणारं क्रॉसओव्हर मॉडेल बहुतेक वेळा हा प्रश्न सोडवतं.

आता वजनाचा मुद्दा, जो प्रशिक्षणात हमखास राहून जातो. दोरावरचा शॉक ॲब्सॉर्बर पडण्याचा झटका कमी करायला ठरावीक बलाला उसवतो. युरोपच्या ईएन ३५५ या मानकामध्ये १०० किलो वजनाने चाचणी होते आणि बल ६ किलोन्यूटनच्या आत राहावं लागतं. १०० किलोच्या माणसाला ६ किलोन्यूटन म्हणजे साधारण ६ जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या सहापट) झटका. तेच बल ५० किलोच्या व्यक्तीवर आलं तर झटका १२ जी, दुप्पट. अमेरिकेच्या ॲन्सी झेड३५९ मानकामध्ये नेहमीची वजनमर्यादा ५९ ते १४० किलो आहे, तीही कपडे आणि हत्यारांसकट. ५० किलोची इंजिनिअर आणि ६ किलोची हत्यारं मिळून ५६ होतात. म्हणजे ती मर्यादेच्या बाहेर, आणि लेबल न वाचता हे कुणाच्याच लक्षात येत नाही. उपाय असा: लेबलवरची किमान वजनमर्यादा बघून लॅनयार्ड (हार्नेसला जोडायचा दोर) किंवा रिट्रॅक्टर (आपोआप गुंडाळला जाणारा दोर) घ्यायचा, आणि अँकर, म्हणजे दोर बांधायची जागा, डोक्याच्या वर ठेवून मोकळं पडण्याचं अंतर कमीत कमी करायचं.

नवशिकी_सिव्हिल

खूप उपयोगी. पण स्टोअरमध्ये एकच साइज असेल तर मागणी कशी करायची? "मॅडमना अवघडतं" असं समजून विषय बाजूला टाकला जाण्याची भीती वाटते.

दोरखंड

@नवशिकी_सिव्हिल, "अवघडतं" हा शब्दच लिहू नका. मागणीपत्रात मापं द्या: उंची, छातीचा आणि मांडीचा घेर, हत्यारांसकट वजन. पुढे हे लिहा: "सध्याच्या हार्नेसमध्ये डी-रिंग फऱ्यांच्या मध्यावर येत नाही, मांडीच्या पट्ट्याखाली मूठ जाते. उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे हे फिटिंग असुरक्षित आहे." समोरून आणि मागून काढलेला फोटो जोडा, हवं असलेलं मॉडेल आणि साइज लिहा, आणि मेल सेफ्टी ऑफिसरलाही पाठवा. असं लिहिलं की ती तक्रार न राहता सुरक्षा नोंद होते आणि तिला उत्तर द्यावंच लागतं. अमेरिकेत ओशा या कामगार सुरक्षा संस्थेने बांधकामासाठी हा नियमच केला आहे. १३ जानेवारी २०२५ पासून तिथे सुरक्षा साधन कामगाराच्या अंगाला नीट बसणारं असणं बंधनकारक आहे.

लंबक

यात एक जोड. एकसंध कव्हरॉल आणि त्यावर हार्नेस असला की बाथरूमला जायचं म्हणजे सगळं उतरवावं लागतं. मग मुली पाणी पिणंच कमी करतात. उन्हात याचा परिणाम म्हणजे चक्कर, आणि लघवी धरून ठेवल्याने मूत्रमार्गाचे संसर्ग. दोन भागांचा किंवा मागून उघडणारा ड्रॉप-सीट कव्हरॉल मागवला तर अर्धा प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा साइट प्लॅनवर सोडवायचा: आतून कडी लागणारं, दिवा आणि पाणी असलेलं, झाकणाचा कचरा डबा असलेलं टॉयलेट पहिल्या दिवसाच्या मोबिलायझेशनच्या (साइट उभी करण्याच्या) यादीत हवं. "बाई जॉइन झाल्यावर बघू" म्हणून ठेवलं की ते होत नाही आणि बाईला त्या साइटवर पाठवतही नाहीत. पुढे बढतीच्या वेळी "साइटचा अनुभव नाही" असा शेरा येतो.

शून्य_व्होल्ट

इलेक्ट्रिकलचं मी सांगते.

आर्क फ्लॅशमध्ये (विजेच्या ठिणगीच्या स्फोटात) बाहेरचा सूट कितीही चांगला असला तरी आतलं कापड वितळणारं असेल तर ते कातडीला चिकटतं. एनएफपीए ७०ई या अमेरिकन विद्युत सुरक्षा मानकाप्रमाणे आत नायलॉन, पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन चालत नाही, फक्त इलॅस्टिकपुरती सूट आहे. पुरुषांना सुती बनियन सांगितलं की विषय संपतो. स्त्रियांच्या बहुतेक ब्रा सिंथेटिक असतात, त्यात धातूची तार आणि हूक असतात, आणि प्रशिक्षण देणारा हे बोलायला लाजतो. बोललंच पाहिजे. सुती किंवा आर्क-रेटेड (आर्कची उष्णता सोसणारी), बिनतारेची ब्रा. आर्क-रेटेड ब्रा बनतात, त्या कंपनीच्या पीपीई (सुरक्षा साधनं) यादीत घालायच्या, स्वतःच्या खर्चाने नाही.

मोठा सूट घालून बाह्या दुमडणं हा दुसरा धोका. दुमडलेली बाही पॅनलमध्ये अडकते, आणि हात पुढे केला की मनगटाशी ग्लोव्ह आणि बाही यांच्यात फट पडते. कॅटेगरी २ चा, म्हणजे ८ कॅलरी प्रति चौ. सेंमी उष्णता सोसणारा सूट त्या फटीत शून्य कॅलरीचा असतो. सूट घालून दोन्ही हात पूर्ण पुढे ताणायचे, मग वाकायचं. मनगट किंवा कंबर उघडी दिसली तर तो सूट परत करायचा.

पाना_१३

"बायकांना टॉर्क (फिरवायचा जोर) लावता येत नाही" हे वर्कशॉपमधलं वाक्य फिजिक्सच्या पहिल्या धड्यात मोडीत निघतं. टॉर्क म्हणजे बल गुणिले लांबी. १०० न्यूटन-मीटरसाठी अर्धा मीटरच्या हँडलवर २०० न्यूटन लागतात, ८० सेंमीच्या हँडलवर १२५. ३०० न्यूटन-मीटरच्या बोल्टला ५:१ चा टॉर्क मल्टिप्लायर (जोर पाचपट करणारी गिअरपेटी) लावला की हाताला ६० च्या थोडं वर पुरतं. मल्टिप्लायरच्या रिॲक्शन आर्मला (तो उलटा फिरू नये म्हणून असलेल्या दांड्याला) पक्का आधार द्यायचा आणि त्या आधाराच्या मध्ये बोटं येऊ द्यायची नाहीत. क्लिक रेंचला (ठरावीक टॉर्कला "टक्" वाजणाऱ्या पान्याला) पाइप लावून लांबी वाढवू नका. हात हँडलवरच्या खुणेवर नसेल तर काही रेंचचं सेटिंग चुकतं. आणि खांद्याच्या जोरावर बोल्ट आवळणाऱ्या पुरुषाचा टॉर्क बरोबर असतोच असं नाही, त्याचे बोल्ट अनेकदा गरजेपेक्षा जास्त ताणलेले असतात.

दुहेरी मुठीची हत्यारं (वायरच्या टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवणारा क्रिंपर, कटर): नायॉश या अमेरिकन संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे जोर लावायच्या हत्यारात मुठींमधलं अंतर मिटल्यावर किमान ५ सेंमी आणि पूर्ण उघडल्यावर जास्तीत जास्त ९ सेंमी असावं. त्याहून जास्त उघडणारा क्रिंपर लहान पंजात बोटांच्या टोकांनीच धरला जातो आणि तिथे पकडीची ताकद सगळ्यात कमी असते. क्रिंप अर्धवट राहतं, लग तापतो, आणि दोष तिच्या "हाताला" दिला जातो. रॅचेट असलेला क्रिंपर पूर्ण दाब बसल्याशिवाय सुटतच नाही. मोठ्या लगला हायड्रॉलिक घ्या. पट्टीने अंतर मोजायला दोन मिनिटं लागतात, खरेदी करणाऱ्याने ती द्यावीत.

आडवा_छेद

साइट आणि वर्कशॉपचं पटलं, तिथे शरीराचं माप हा खरा मुद्दा आहे. सॉफ्टवेअरमध्ये मात्र कोड चालतो किंवा चालत नाही. तिथे लिंगाचा संबंध कुठे येतो, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे.

सेमीकोलन

@आडवा_छेद, कोड चालतो की नाही हे कॉम्प्युटर ठरवतो. तो मर्ज करायचा, म्हणजे मुख्य कोडमध्ये घ्यायचा की नाही, हे माणूस ठरवतो. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या पुल रिक्वेस्टांचा ("माझा बदल घ्या" अशा विनंत्यांचा) मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकंदरीत स्त्रियांच्या रिक्वेस्ट स्वीकारण्याचं प्रमाण सुमारे ७९ टक्के, पुरुषांचं सुमारे ७५. म्हणजे काम निदान तोडीचं. पण प्रकल्पाबाहेरून आलेल्या आणि प्रोफाइलवरून स्त्री असल्याचं ओळखू येणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांपेक्षा खाली गेलं. ओळख दिसली की पुरुषांचंही घसरलं, पण स्त्रियांइतकं नाही.

टीमच्या पातळीवर उपाय सोपे आहेत. लिंटर आणि फॉरमॅटर (कोडची मांडणी तपासणारी साधनं) सीआयमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या तपासणीत टाका, म्हणजे शैलीवरचे शेरे माणसाने द्यायचे राहत नाहीत. प्रत्येक शेऱ्याला "अडवणारा" किंवा "सूचना" अशी खूण लावायची. रिव्ह्यूअर आपोआप फिरता नेमायचा. आणि दर तिमाहीला दोन आकडे काढायचे: रिक्वेस्ट उघडल्यापासून पहिला रिव्ह्यू येईपर्यंतचा वेळ, आणि मर्जपर्यंत झालेल्या फेऱ्या. माणसागणिक यात मोठी तफावत दिसली तर तिथे बघायचं.

याहून जास्त नुकसान अदृश्य कामाने होतं: मिनिट्स लिहिणं, नव्या माणसाला शिकवणं, डॉक्युमेंट नीट करणं, टीम लंचचं ठरवणं. ज्यातून बढती मिळत नाही अशा कामांवर २०१७ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये आलेल्या प्रयोगांत, मिश्र गटात स्त्रियांनी पुरुषांपेक्षा जवळपास ५० टक्के जास्त वेळा स्वतःहून हात वर केला, आणि त्यांना विचारलंही जास्त गेलं. तेव्हा "कोण करेल?" असं मीटिंगमध्ये विचारणंच बंद करायचं. नावांची रोटा (पाळीची) वही ठेवायची, आडनावाच्या अक्षरक्रमाने. शिकवणं आणि डॉक्युमेंटेशन हे खरं काम आहे, त्याला तिकीट काढा, पॉइंट द्या आणि वर्षअखेरीच्या नोंदीत येऊ द्या.

आणखी एक बारीक गोष्ट. जोडीने काम करताना कीबोर्ड ज्याच्या हातात, कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) त्याच्याच नावावर जातं. कमिट मेसेजच्या शेवटी एक रिकामी ओळ सोडून "को-ऑथर्ड-बाय" ची ओळ, पुढे नाव आणि कोनी कंसात ई-मेल. स्क्वॉश मर्ज करताना (अनेक कमिट एकात मिसळताना) ती ओळ पुसली जात नाही ना, हे बघून मगच बटण दाबा.

बारीक_अक्षर

नावावरून आठवलं. लग्नानंतर किंवा घटस्फोटानंतर नाव बदललं की कामाचा माग तुटतो. गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) रिपॉझिटरीच्या मुळाशी डॉट-मेलमॅप नावाची फाइल ठेवायची, त्यात एका ओळीत आधी नवं नाव आणि ई-मेल, मग जुनं नाव आणि ई-मेल. शॉर्टलॉग आणि ब्लेम (कुणी काय लिहिलं ते दाखवणाऱ्या गिटच्या आज्ञा) दोन्हीकडे मग एकच व्यक्ती दिसते. गिटहबच्या खात्यात जुना ई-मेलही जोडून ठेवा, काढू नका. कंपनीचा मेल नोकरी सोडल्यावर बंद होतो, म्हणून तो आधीच जोडून व्हेरिफाय करा. शोधनिबंध असतील तर ऑर्किडचा (संशोधकांची ओळख नोंदवणाऱ्या सेवेचा) १६ अंकी क्रमांक घ्या. नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो.

अप्रेझलबद्दल. २०१४ मध्ये २४८ अप्रेझल रिव्ह्यू तपासले गेले. टीकेचा मजकूर पुरुषांच्या ५८.९ टक्के रिव्ह्यूंत होता, स्त्रियांच्या ८७.९ टक्के. फरक टीकेच्या जातीतही होता: स्त्रियांना कामाबरोबर स्वभावावर शेरे.

आडवा_छेद

२४८ हा नमुना लहान आहे, आणि तो यादृच्छिक निवडलेला नाही, लोकांनी स्वतःहून दिलेले रिव्ह्यू आहेत. पुल रिक्वेस्टांचा मुद्दा मात्र मान्य.

बारीक_अक्षर

बरोबर, त्यावरून साऱ्या जगाचा आकडा काढू नये. पण आपल्या ऑफिसात हे तपासणं अवघड नाही. प्रत्येक रिव्ह्यूमधलं टीकेचं वाक्य घ्या आणि त्यात प्रसंग, परिणाम, अपेक्षा या तिन्ही गोष्टी आहेत का बघा. "बोलण्यात जरा जास्तच आक्रमक" यात एकही नाही. तेच असं लिहा: "पेमेंट मोड्यूलच्या डिझाइन रिव्ह्यूमध्ये दोघांचे आक्षेप ऐकून न घेता निर्णय जाहीर केला. त्यातला टाइमआउटचा आक्षेप योग्य होता, नंतर दुरुस्तीला एक स्प्रिंट गेला. पुढच्या रिव्ह्यूत आक्षेपांची यादी लिहून प्रत्येकाला उत्तर द्यावं." हे वाचून माणूस सुधारू शकतो. आणि प्रसंग शोधायला बसल्यावर कित्येकदा मॅनेजरच्या लक्षात येतं की तसा प्रसंगच नव्हता.

ज्यांचं अप्रेझल आहे त्यांनी दर शुक्रवारी पाच ओळी लिहाव्यात: अडचण काय होती, निर्णय कुणाचा, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, लिंक. "परफॉर्मन्स सुधारला" नको, "पी९५ लेटन्सी (९५ टक्के विनंत्या जितक्या वेळात पूर्ण होतात तो वेळ) इतक्यावरून इतक्यावर" असं. "आम्ही केलं" आणि "मी केलं" वेगळं ठेवा.

मुलाखतीचंही थोडक्यात: सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. १ ते ५ मध्ये प्रत्येक गुणाचा अर्थ आधी लिहिलेला, आणि प्रत्येक मुलाखतकाराने चर्चेआधी आपला स्कोअर नोंदवायचा. निकष आधी ठरवण्याला कारण आहे. २००५ च्या एका प्रयोगात पोलीस प्रमुखाच्या पदासाठी लोकांनी आवडत्या पुरुष उमेदवाराकडे जे होतं तेच "महत्त्वाचं" ठरवलं. निकष आधी ठरवायला लावले तेव्हा भेदभाव मावळला. आणि हे काम यंत्रावर सोपवून सुटत नाही. ॲमेझॉनने बनवलेलं अर्ज चाळणारं मॉडेल जुन्या, बहुतांशी पुरुषांच्या अर्जांवर शिकल्यामुळे "विमेन्स" हा शब्द असलेल्या अर्जांना खाली ढकलत होतं. ते बंद केल्याची बातमी २०१८ मध्ये आली.

क्ष_किरण

गरोदरपण आणि लॅब यावर अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, स्त्रीला कामावरून काढणं म्हणजे संरक्षण नव्हे. बॅटरी बनवणाऱ्या जॉन्सन कंट्रोल्सने शिशाच्या कारणावरून मूल होऊ शकणाऱ्या सगळ्या स्त्रियांना त्या कामातून वगळलं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते धोरण बेकायदा ठरवलं. शिसं पुरुषांच्या शुक्राणूंनाही बाधतं, त्यामुळे धोका सगळ्यांसाठी कमी करायचा असतो.

सोल्डरिंगबद्दल गैरसमज आहे. ३५० अंश सेल्सिअसला शिशाची वाफ नगण्य असते. दिसतो तो धूर फ्लक्सचा (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावलेल्या रसायनाचा), तो श्वासाला वाईट, त्यासाठी टोकाजवळ फ्यूम एक्स्ट्रॅक्टर. शिसं पोटात जातं ते हातावरून. बेंचवर खाणंपिणं नको, काम झाल्यावर साबणाने हात, फोन वेगळ्या जागी. आणि हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणात रक्तात परत येतं, म्हणून ही शिस्त आधीपासूनच हवी. सेमीकंडक्टर फॅबमध्ये (चिप बनवायच्या कारखान्यात) इथिलीन ग्लायकॉल ईथर गटातल्या द्रावकांचा संबंध गर्भपातांशी जोडला गेल्यावर तो गट उद्योगाने टप्प्याटप्प्याने काढला. जुन्या रेसिपी वापरणाऱ्या लॅबने डेटाशीट उघडून बघावी.

रेडिओग्राफी (क्ष-किरण किंवा गॅमा किरणांनी तपासणी): आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाची शिफारस अशी की गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस होऊ नये. म्हणजे कळवल्याशिवाय ही मर्यादा लागू होत नाही. कळवलं तर कामावरून उचलतील ही भीती असेल तर ती उशिरा कळवेल, आणि सुरुवातीचेच आठवडे सगळ्यात नाजूक असतात. म्हणून "कळवल्यावर काय काय होईल, पगार आणि पद कसं राहील" हे आधीच लेखी असलं पाहिजे. डोस मोजणारा जास्तीचा बॅज पोटाच्या पातळीवर, लेड एप्रन असेल तर एप्रनच्या आत, आणि रीडिंग तिमाही न घेता मासिक.

लंबक

बाळंतपणाच्या रजेवरून परतणाऱ्यांसाठी मॅनेजरने एवढं करावं: रजेच्या काळात बदललेल्या डिझाइन निर्णयांची एक पानी यादी, पहिल्याच दिवशी चालू असलेले ॲक्सेस आणि बिल्ड होणारं मशीन, पहिल्या आठवड्यात एक छोटी पण प्रॉडक्शनला जाणारी दुरुस्ती. ऑन-कॉलमध्ये (बिघाड झाला की धावायच्या पाळीत) आधी एक फेरी दुसऱ्या क्रमांकावर, मग पहिल्या. "तिला झेपणार नाही" म्हणून महत्त्वाचं काम न विचारता दुसऱ्याला देऊ नका. तिला विचारा आणि उत्तर ऐका.

नवशिकी_सिव्हिल

एक राहिलं. इन्सुलेटिंग ग्लोव्हजचं माप कसं घ्यायचं? पुरुषांचा ९ नंबर सगळ्यांना देतात.

शून्य_व्होल्ट

ज्या हाताने काम करता त्या पंजाचा घेर मोजा, अंगठा सोडून, बोटांच्या पेरांच्या मुळाशी, इंचात. आत सुती लायनर घालणार असाल तर अर्धा ते एक इंच वाढवा, तोच नंबर. ७ इंच घेर आणि लायनर म्हणजे साधारण साडेसात किंवा ८. तुम्हाला ९ दिला तर बोटांच्या टोकाशी रबर मोकळं राहतं, स्क्रू हाताला जाणवत नाही, आणि मग लोक ग्लोव्ह काढून काम करतात. अपघात तिथेच होतो. ऑर्डरमध्ये क्लासही लिहा: क्लास ०० हा ५०० व्होल्ट एसीपर्यंत, क्लास ० हा १००० पर्यंत. वरचा चामड्याचा प्रोटेक्टर त्याच नंबरचा मागवा. मोठ्या प्रोटेक्टरने छोट्या रबर ग्लोव्हची पकड पुन्हा जाते.